लिओन्टाइन प्राइस: टाळ्या सगळ्यांना माहीत आहेत, तिचे नकार कुणी सांगत नाही

पहाटराग

लिओन्टाइन प्राइस या अमेरिकन ऑपेरागायिकेबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, आणि जिथे नाव येतं तिथे "मेट्रोपॉलिटन ऑपेराची पहिली कृष्णवर्णीय गायिका" एवढ्यावर विषय संपवतात. ते मला पटत नाही म्हणून हा धागा काढला. एकतर ते "पहिली" खरंच नाहीये. मेटच्या (म्हणजे न्यूयॉर्कच्या या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या) स्टेजवर सगळ्यात आधी मॅरियन अँडरसन आल्या, ७ जानेवारी १९५५ ला. त्याच महिन्यात २७ तारखेला रॉबर्ट मॅकफेरिन. मिलानच्या ला स्कालामध्ये तर मॅटिविल्डा डॉब्स १९५३ लाच गाऊन गेली होती. प्राइस या तिघांच्या नंतरची. पण ती आली ती थेट नायिका म्हणून आणि चोवीस वर्षं तिथे राहिली, मेटमध्ये १६ भूमिका आणि २०१ प्रयोग. एवढं टिकायला नुसता आवाज पुरत नाही, कशाला नाही म्हणायचं ते कळावं लागतं आणि ते तिला फार लवकर कळलं होतं असं माझं म्हणणं आहे.

आधी थोडं आयुष्य सांगते. जन्म १० फेब्रुवारी १९२७, मिसिसिपी राज्यातलं लॉरेल गाव. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण आणि चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी. मुलगी पाच वर्षांची असताना आईबापांनी घरातला फोनोग्राफ देऊन टाकला आणि तो पियानोचा पहिला हप्ता म्हणून लावला. नऊ वर्षांची झाल्यावर आई तिला जॅक्सनला मॅरियन अँडरसनचं गाणं ऐकायला घेऊन गेली, त्या एका कार्यक्रमाबद्दल ती पुढे आयुष्यभर बोलत राहिली. कॉलेज ओहायोत, तेसुद्धा संगीताची शिक्षिका व्हायचं म्हणून, कारण त्या काळात दक्षिणेतल्या काळ्या मुलीला गाण्यात पोट भरेल असा तोच रस्ता दिसत होता. तिथल्या लोकांनी आवाज ओळखला. १९४८ ला न्यूयॉर्कच्या जुइलियार्ड संगीतशाळेत जायचं ठरलं तर पैसे कुठून आणायचे, मग प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसनने तिच्यासाठी ओहायोत मदतीचा कार्यक्रम केला आणि लॉरेलमधल्या चिझम नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने बाकीचा भार उचलला. त्याच कुटुंबात तिच्या नात्यातली एक बाई कामाला होती. हे दोन्ही हात वेगवेगळ्या जगातले आहेत आणि दोन्ही लागले.

जुइलियार्डमध्ये फ्लॉरेन्स पेज किंबॉल या शिक्षिका मिळाल्या. त्यांची शिकवण म्हणून एक गोष्ट सांगितली जाते की आवाजाच्या व्याजावर गायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. माझ्या मते तिच्या अख्ख्या करिअरची किल्ली यात आहे.

१९५२ ला "पोर्गी अँड बेस" या ऑपेरात बेस ही नायिका केली, त्यावर अमेरिका आणि युरोपभर दौरा झाला. नायक विल्यम वॉरफिल्डशी तिने त्याच वर्षी लग्नही केलं (ते टिकलं नाही, काही वर्षांत वेगळे झाले). मग जानेवारी १९५५ ला एनबीसी टीव्हीवर "तोस्का". तिचा नायक गोरा होता, तर काही स्थानिक स्टेशनांनी ते दाखवलंच नाही. १९५७ सॅन फ्रान्सिस्को, १९५८ व्हिएन्नात कंडक्टर कारायानबरोबर "आयदा", मग लंडन, १९६० ला ला स्काला.

आणि आता मुद्दा. १९५८ च्या सुमारास मेटचा प्रमुख रुडॉल्फ बिंग याने तिला "आयदा"च्या एक-दोन प्रयोगांसाठी बोलावलं. कुठलीही तिशीतली गायिका धावत गेली असती. ती गेली नाही. एनबीसी ऑपेराचे पीटर हर्मन अॅडलर यांनी तिला सांगितलं होतं की मेटमध्ये पहिलं पाऊल टाकशील ते खानदानी बाईच्या भूमिकेत टाक, गुलाम मुलीच्या नको. आयदा म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम झालेली इथिओपियाची राजकन्या, ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतेय. तर ती थांबली. २७ जानेवारी १९६१ ला "इल त्रोवातोरे"मधली लिओनोरा म्हणून आली, खानदानी स्त्री, नायिका. त्या रात्री शेवटी टाळ्या ४२ मिनिटं चालल्या असं सांगतात. पुढच्या काही आठवड्यांत तिने मेटमध्ये पाच भूमिका केल्या: लिओनोरा, आयदा, बटरफ्लाय, डोना आन्ना, लिऊ. आयदा टाळली नव्हती तिने, फक्त आयदाच्या दारातून आत यायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा, ज्यांनी ऐकलं नाही त्यांनीही विचारा.

जुना_गिरगावकर

ताई छान लिहिलंत. दोन शंका आहेत. एक म्हणजे ४२ मिनिटं टाळ्या हे जरा जास्तच वाटतं, कुणी घड्याळ लावून बसलं होतं का? आणि दुसरी, ऑपेरात माईक नसतो म्हणतात, मग समोर ६०-७० वाद्यांचा ऑर्केस्ट्रा वाजत असताना एक बाई तीन-साडेतीन हजार लोकांना ऐकू कशी येते? आपल्याकडे नाट्यसंगीतात माईक नव्हता हे आजोबांकडून ऐकलंय पण तिथे साथीला ऑर्गन, तबला आणि सारंगी, त्यांच्यावर आवाज चढवणं वेगळं आणि हे वेगळं. आणि शब्द तर एक कळत नाही, इटालियन येणाऱ्यालाही वर गेल्यावर कळत नाही म्हणतात, ते का?

पहाटराग

टाळ्यांचा आकडा वेगवेगळा छापला जातो, ३५ पण वाचलाय आणि ४२ पण. मेटच्या इतिहासातल्या सगळ्यात लांब टाळ्यांपैकी होत्या यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. त्याच रात्री फ्रँको कोरेल्ली या टेनरचाही (उंच आवाजाचा पुरुष गायक) मेटमधला पहिलाच प्रयोग होता आणि दुसऱ्या दिवशी पेपरांत सगळी जागा तिने घेतली, त्यावर तो भयंकर नाराज झाला होता म्हणतात. पुढे दोघांनी एकत्र खूप गायलं. आवाजाचं तांत्रिक कुणी जाणकार सांगेल.

नादलहरी

तांत्रिक मी सांगतो, माझा विषय आहे.

मोठ्या ऑर्केस्ट्राची ताकद सगळ्या पट्टीत सारखी नसते. साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त ऊर्जा असते आणि वर जाल तशी ती झपाट्याने कमी होते. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी यावर बरंच काम केलंय. कसलेला गायक घसा असा जुळवतो की २५०० ते ३००० हर्ट्झच्या टप्प्यात आवाजाला एक उंचवटा येतो, याला सिंगर्स फॉर्मंट म्हणतात (फॉर्मंट म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत आवाज ज्या टप्प्यात घुमून वाढतो तो टप्पा). तिथे ऑर्केस्ट्रा पातळ असतो आणि आपला कान त्याच टप्प्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. म्हणजे ती ऑर्केस्ट्रापेक्षा मोठ्याने गात नाही, ऑर्केस्ट्रा जिथे नाही तिथे गाते.

हा प्रकार पुरुषांत आणि खालच्या आवाजाच्या बायकांत स्पष्ट दिसतो. सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाची गायिका, वर गेली की वेगळंच होतं. वरचा सा म्हणजे त्यांचा हाय सी साधारण १०४६ हर्ट्झवर असतो. आता "ई" या स्वराचा पहिला फॉर्मंट असतो ३०० हर्ट्झच्या जवळपास, म्हणजे गायचा सूरच त्या फॉर्मंटच्या किती तरी वर गेला. मग ती जबडा उघडते, फॉर्मंट ओढून सुरापाशी आणते, त्यामुळे फार जोर न लावता आवाज मोठा होतो. पण त्याची किंमत अशी की ई, ए, ऊ, ओ सगळेच "आ"कडे झुकतात आणि शब्द पुसले जातात. गिरगावकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. गायिकेचे उच्चार वाईट असतात असं नाही, त्या उंचीवर स्वर वेगळे राहूच शकत नाहीत.

प्राइसचा आवाज लिरिको स्पिंतो प्रकारातला. म्हणजे मूळ गाभा मऊ, गोलाईदार, पण प्रसंगी ऑर्केस्ट्रा फोडून बाहेर येईल असा धक्का देऊ शकणारा. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या मधल्या आणि उत्तरार्धातल्या नायिकांना नेमका हाच लागतो, आणि असे आवाज कमी असतात. खाली उतरली की तिचा आवाज धुरकट, थोडा घोगरा होतो आणि वर गेला की एकदम उजळतो. तो फरक काही लोकांना खटकतो, मला फार आवडतो.

हडसनकाठी

इथे न्यू जर्सीत आमच्या ग्रुपमध्ये तिघं-चौघं ऑपेरावेडे आहेत, त्यांच्यामुळे मी लागले नादाला. ज्यांना एकच क्लिप बघायची असेल त्यांनी ३ जानेवारी १९८५ ची "आयदा" बघा, मेटमधला तिचा निरोपाचा प्रयोग, टीव्हीवर थेट दाखवला होता, यूट्यूबवर तिसऱ्या अंकातली "ओ पात्रिया मिया" सहज सापडते. आयदा आपल्या देशाची आठवण काढते, तुला आता कधीच बघणार नाही म्हणते, आणि गाणारी स्वतः त्या घराचा निरोप घेत असते. आरिया (एकटीने गायचं गाणं) संपल्यावर टाळ्या तीन मिनिटांच्या वर थांबतच नाहीत. ती पोझ सोडत नाही. भूमिकेतच उभी. वाकत नाही, हात जोडत नाही, फक्त चेहऱ्यावर काय चाललंय ते कॅमेरा दाखवतो. मी कितीदा बघितलंय आणि दर वेळी माझंच अवघडल्यासारखं होतं की आता ही रडणार.

एक गोष्ट कुणी लिहिलेली मला दिसली नाही म्हणून लिहिते. मॅरियन अँडरसनचा जन्म २७ फेब्रुवारी १८९७. मेटने तिला पहिल्यांदा स्टेजवर घेतलं जानेवारी १९५५ ला, म्हणजे वय ५७. प्राइसने मेट सोडलं जानेवारी १९८५ ला, वय ५७. एकीला ज्या वयात दार उघडलं त्या वयात दुसरी सगळं करून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडली. अँडरसनचे उमेदीचे, आवाज भरात असतानाचे सगळे दिवस मेटने वाया घालवले, हे मला अजून पचत नाही.

खर्जातला

हडसनकाठी, ते वयाचं वाचून थांबलो जरा. खरंच.

कास्ता_दिवा

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. प्राइसचा आवाज दैवी होता, मान्य. पण ऑपेरा म्हणजे नाटक आहे. ती स्टेजवर बऱ्याचदा आवाजाच्या मागे उभी असते, अंग फार हलत नाही, समीक्षकही हे लिहायचे. मारिया कॅलस ही सोप्रानो बघा. १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये बाईने वाग्नरची ब्रुनहिल्डे आणि बेल्लीनीची एल्विरा अशा दोन टोकाच्या भूमिका एकाच आठवड्यात केल्या, दुसरी तर आजारी गायिकेच्या जागी काही दिवसांत शिकून. हे मुद्दल-व्याज वगैरे हिशोब तिने केलाच नाही. आणि म्हणूनच लोक अजून कॅलस कॅलस करतात. सांभाळून गायलेलं गाणं सुरक्षित असतं, पण मला स्टेजवर जीव टाकणारं माणूस बघायचं असतं.

पहाटराग

कास्ता_दिवा, राग कशाला, कॅलस मलाही हवीच आहे. पण १९४७ ला व्हेरोनात इटलीतली सुरुवात करणारी कॅलस ५ जुलै १९६५ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये शेवटची "तोस्का" गाऊन ऑपेरा स्टेजवरून उतरली तेव्हा ४१ वर्षांची होती. प्राइस ४१ ची असताना तिच्यापुढे अजून सतरा वर्षांची मेट होती. त्या सतरा वर्षांचं गाणं आपल्याला मिळालं ही साधी गोष्ट नाही. आणि ती सुरक्षित गायची असं म्हणता तर तुम्ही साठच्या दशकातली थेट रेकॉर्डिंग्ज ऐका, ती रेटून गाते, झोकून देते. अभिनयाचं थोडं मान्य आहे. पण भूमिकेचा विचार तिच्याकडे होता. आयदाबद्दल ती म्हणायची की या भूमिकेत माझी कातडी हाच माझा पोशाख. हे म्हणायला किती काय सोसलेलं असावं लागतं. १९६४ ला मेटच्या दौऱ्यावर ती दक्षिणेत, अटलांटात, डोना आन्ना गायली. मिसिसिपीत वाढलेल्या बाईला तिथल्या प्रेक्षकांसमोर उभं राहताना काय वाटलं असेल याचा विचार मी खूपदा करते.

आणि तिलाही ठेच लागली, ती काही पहिल्यापासून सगळं शहाणपण घेऊन आली नव्हती. ऑक्टोबर १९६१ ला मेटचा सीझन "ला फान्चुल्ला देल वेस्त"ने सुरू झाला, त्यातली नायिका मिनी तिने केली. त्याआधी संपामुळे सीझनच बुडायची वेळ आली होती, अमेरिकेचे कामगारमंत्री आर्थर गोल्डबर्ग मध्ये पडले तेव्हा मिटलं. एवढ्या ताणात पहिला प्रयोग जोरात झाला आणि दुसऱ्या प्रयोगात आवाज गेला. अक्षरशः गेला. दुसऱ्या अंकाचा शेवट तिने बोलून काढला आणि तिसऱ्या अंकात डॉरोथी कर्स्टन उभी राहिली. त्याच सीझनमध्ये पुढे कार्यक्रम रद्द करून ती रोमला विश्रांतीला गेली. बाहेर कारण व्हायरसचं सांगितलं, नंतर तिनेच सांगितलं की मनाने पार थकून गेले होते. वर्षाच्या सुरुवातीला ४२ मिनिटं टाळ्या आणि वर्षअखेरीला हे. मला वाटतं तिथून पुढे ती तारखा मोजून घ्यायला लागली. १९७० नंतर ऑपेरा कमी कमी करत नेला आणि रिसायटल, म्हणजे एक पियानो आणि ती, यावर जास्त भर दिला. ऑपेरा सोडल्यावरही रिसायटल बरीच वर्षं चालू राहिली.

मांडवीकाठ

हे सगळं वाचताना आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची आठवण येते. त्यांनीही आवाजाची आणि मानाची अशीच राखण केली, माईक आणि रेकॉर्डिंगचं त्यांना प्रेम नव्हतं आणि साठच्या दशकात, आता पूर्वीसारखं होत नाही असं वाटल्यावर मैफली थांबवल्या. गाणं पूर्ण वेगळं, जग वेगळं, पण मागची समाजाने नाकारण्याची गोष्ट आणि त्यावर गळ्याने मिळवलेला दरारा यात काहीतरी सारखं आहे.

आणि सोप्रानोचा विषय आहेच तर पॅट्रिशिया रोझारिओंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत जन्मलेल्या, घराणं गोव्याचं. लंडनला गिल्डहॉलमध्ये शिकल्या, जॉन टॅव्हनर या ब्रिटिश संगीतकाराने खास त्यांच्या आवाजासाठी ३० हून जास्त रचना लिहिल्या. २००१ ला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. २००९ पासून त्या आणि त्यांचे पियानिस्ट पती मार्क ट्रूप भारतात येऊन मुलामुलींना शिकवतात. गोव्यात चर्चच्या कॉयरमधून तयार झालेले आवाज किती आहेत हे आम्हाला माहीत आहे, त्यांना पुढचं शिक्षण देणारं माणूस लागतं. किंबॉल बाईंसारखं.

जुना_गिरगावकर

रोझारिओ म्हणजे त्याच ना ज्या २०१६ ला आपलं रॉयल ऑपेरा हाऊस पुन्हा उघडलं तेव्हा गायल्या? आमच्या लहानपणी ऑपेरा हाऊस हे फक्त एरियाचं नाव होतं, तिथे ऑपेरा असतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. घरात त्या थिएटरचं नाव निघायचं ते बालगंधर्व आणि दीनानाथांच्या संदर्भात, दोघेही तिथे गायलेले. माईकशिवाय. म्हणजे इमारत बांधणाऱ्याने आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून जे केलं त्याचा फायदा आपल्या संगीत नाटकालाही झाला. नादलहरींचा प्रतिसाद वाचून हे आज कळलं.

नवी_श्रोती

मी काहीच ऐकलेलं नाही. अडीच-तीन तासांचा ऑपेरा एकदम झेपणार नाही. कुठून सुरू करू? आणि १९६६ ला नवीन मेट तिच्याच ऑपेराने उघडलं ना, ते बघू का?

पहाटराग

नवी_श्रोती, ते उद्घाटन म्हणजे १६ सप्टेंबर १९६६, अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरचा "अँटनी अँड क्लिओपात्रा", दिग्दर्शन झेफिरेल्ली. क्लिओपात्रा तिच्या आवाजासाठीच लिहिली होती. पण निर्मिती इतकी अवजड केली की रंगीत तालमीत फिरता रंगमंच बंद पडला आणि ती पिरॅमिडच्या आत अडकून बसली. संगीतावर भव्य सेट बसला आणि ऑपेरा पडला, बार्बर फार खचला त्यानंतर. तिने मात्र त्यातले क्लिओपात्राचे दोन प्रवेश पुढे मैफलींत गाऊन जिवंत ठेवले. बार्बर आणि तिचं नातं जुनं, १९५३ ला त्याची "हर्मिट साँग्ज" पहिल्यांदा तीच गायली, पियानोवर बार्बर स्वतः.

सुरुवात मात्र यापासून करू नकोस. आधी हडसनकाठीने सांगितलेली क्लिप, डोळ्यांसमोर बाई दिसू दे. मग १९६० चा तिचा आरियांचा रेकॉर्ड, निळ्या कव्हरमुळे त्याला ब्लू अल्बमच म्हणतात, एकेक तुकडा पाच-सहा मिनिटांचा आहे. ते आवडलं तर कारायानबरोबरची १९६२ ची "तोस्का", ती दोन तासांत संपते आणि कथा कुठेही रेंगाळत नाही. "आयदा" कंडक्टर सोल्तीबरोबरची. आणि स्पिरिच्युअल्स ऐकच, ती तिच्या आईच्या चर्चमधली गाणी आहेत. ऑक्टोबर २००१ ला न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात ७४ व्या वर्षी, निवृत्तीतून बाहेर येऊन, तिने त्यातलंच एक निवडलं.

कास्ता_दिवा

सोल्तीची "आयदा" काल रात्री पूर्ण ऐकली. तिसरा अंक दोनदा. रॅडामेस जॉन व्हिकर्स आहे, तोही जबरदस्त. अभिनयाबद्दलचं माझं मत तेच आहे पण नुसतं ऐकताना ते आड येत नाही हे खरं.

हडसनकाठी

एक राहिलंच. १९८१ ला सॅन फ्रान्सिस्कोत ऐनवेळी आयदा गाणारी बाई आजारी पडली आणि हिला बोलावलं, समोर पावारोत्ती, त्या काळातला गाजलेला टेनर. तेव्हा तिथल्या पेपरात छापून आलं की हिने पावारोत्तीपेक्षा एक डॉलर जास्त मागितला. ऑपेरावाल्यांनी ते नाकारलं होतं. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण तिचं नाव त्या बातमीत शोभून दिसलं एवढा तिचा वट होता. आणि पावारोत्ती तेव्हा कुठे होता हे सांगायला नको.

पहाटराग

हो, आणि त्या वेळी ती ५४ वर्षांची होती. नवी_श्रोती, ब्लू अल्बम ऐकलास की इथेच लिही. नादलहरी, तिच्या खालच्या सुरांबद्दल जे लिहिलंत त्यावर सविस्तर वेगळा धागा काढा ना, छातीचा आवाज आणि वरचा आवाज जिथे जोडतात ती जागा तिच्या गाण्यात साठच्या दशकात आणि ऐंशीत कशी बदलली ते उदाहरणं देऊन सांगितलंत तर मला फार हवंय.